मूल्यशिक्षणाची तासिका, वीस गुणांची परीक्षा आणि तपासणीच्या दिवशीचे खोटे

खटावचा मास्तर (धागाकर्ता)

सातारा जिल्ह्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी सतरा वर्षांपासून इतिहास आणि मराठी शिकवतो. आगामी वर्षाच्या नियोजनासाठी झालेल्या बैठकीत आमच्या शाळा समितीने असा विचार मांडला की मूल्यशिक्षणासाठी आठवड्याला एक स्वतंत्र तासिका ठेवावी, बाजारात मिळणारी एखादी पुस्तिका त्यासाठी लावावी आणि वर्षाच्या अखेरीस वीस गुणांची लेखी परीक्षा घ्यावी. या योजनेचा मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले असून तीन आठवडे उलटले तरी पहिल्या परिच्छेदापुढे माझी लेखणी सरकलेली नाही.

विषय आम्हाला नवा आहे असे नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दहा गाभाघटक, म्हणजे सर्व अभ्यासक्रमांत असावेत असे समान विषय, सांगितले आणि पुढे आपल्या राज्याने दहा मूल्यांची यादी शाळांना दिली. श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता अशी ती दहाही मूल्ये आमच्या व्हरांड्याच्या भिंतीवर तैलरंगात लिहिलेली आहेत आणि पाचवीचे कोणतेही मूल ती ओळीने म्हणून दाखवते. परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, सुविचार, दिनविशेष, बोधकथा हे सर्व रोज होते. यात आणखी एका पुस्तिकेची भर घातल्याने काय बदलेल, हे मला समजत नाही.

लेखणी अडण्याचे खरे कारण मात्र निराळे आहे. दोन वर्षांपूर्वी शाळेची तपासणी होती. ग्रंथालयाची तासिका वेळापत्रकात होती, पण ग्रंथालयाच्या खोलीत पोषण आहाराच्या तांदळाची पोती ठेवलेली असल्याने वर्षभरात ती एकदाही झाली नव्हती. आदल्या दिवशी पोती हलवली गेली आणि मी स्वतः आठवीच्या वर्गाला सांगितले की साहेबांनी विचारल्यास तासिका दर शुक्रवारी होते असे सांगावे. मुलांनी एका सुरात तसे सांगितले. दुसऱ्या दिवशी परिपाठ संपल्यावर एका मुलीने फलकावरच्या सत्यविषयक सुविचाराकडे बोट दाखवून मला विचारले, "सर, काल आम्ही बोललो ते कशात धरायचे?" मी तिला उत्तर दिले नाही. हजेरीपट उचलला आणि वर्गावर निघून गेलो.

हे लपवून मसुदा लिहिणे मला जमत नाही आणि हे मांडून तो कसा लिहावा, तेही कळत नाही. शिक्षक, पालक आणि या विषयाचे जाणकार यांनी आपले मत सांगावे, ही विनंती.

कृष्णाकाठ

सर, तुम्ही प्रांजळपणे लिहिले याबद्दल आदर आहे, तरीही मी पालक म्हणून स्वतंत्र तासिकेच्या आणि गुणांच्याही बाजूने आहे. मी पलूस तालुक्यात राहते. माझ्या मुलाच्या शाळेत चित्रकला आणि शारीरिक शिक्षण या दोन्ही तासिका वेळापत्रकात आहेत आणि दिवाळीनंतर त्या दोन्ही गणिताचे सर घेतात, कारण त्या विषयांच्या गुणांची कोणाला पर्वा नसते. ज्याला गुण नाहीत त्याला शाळेत जागा नाही, ही आजची वस्तुस्थिती आहे. मूल्यशिक्षण सर्व विषयांतून आपोआप होते असे म्हणणे ऐकायला चांगले वाटते, पण जे सर्वांचे काम असते ते शेवटी कोणाचेच राहत नाही, हे आपण घरात, सोसायटीत आणि ग्रामसभेत रोज पाहतो.

घरावर सोपवावे म्हणाल तर घरात आता तेवढी निवांत वेळ उरलेली नाही. आमच्या शेजारच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास दूरचित्रवाणी आणि मोबाईल बंद ठेवण्याचा नियम केला, तो साऱ्या राज्यात गाजला. एका गावाला घराघरांतील मोबाईल बाजूला ठेवण्यासाठी भोंगा लावावा लागतो, यातच पालकांची स्थिती आली. त्यामुळे आठवड्याचे चाळीस मिनिटे का होईना, पण कोणीतरी माझ्या मुलाशी बऱ्यावाईटाबद्दल बोलावे, अशी माझी इच्छा आहे.

जावळीकर

इतका विचार करण्याचे कारण काय? आमच्या वेळी हरिपाठ, मनाचे श्लोक आणि गीतेचा पंधरावा अध्याय पाठ करून घेत असत. त्यावर आमची पिढी उभी राहिली. तीच पाठांतरे पुन्हा सुरू करावीत आणि सर्वांना सक्तीची करावीत; वेगळ्या पुस्तिकेची गरज नाही.

विश्रामबाग, सांगली

जावळीकर, संतवाङ्मयाबद्दलचा आपला आदर मलाही आहे, पण 'सक्ती' हा शब्द आला म्हणून वकील या नात्याने थोडे लिहितो. संविधानाचे अनुच्छेद २८ याच प्रश्नाविषयी आहे. संपूर्णपणे सरकारी निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळा त्यात येतात. धागाकर्त्यांच्या शाळेसारख्या मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत, विद्यार्थी अल्पवयीन असल्यास पालकाच्या संमतीशिवाय, त्याला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. म्हणजे एका पालकाने नको म्हटले तर तेथे सक्ती संपते.

याचा अर्थ धर्मांविषयी शाळेत बोलूच नये असा नव्हे. २००० सालच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याला आव्हान देणाऱ्या अरुणा रॉय यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये जो निकाल दिला, त्यात धार्मिक शिक्षण देणे आणि धर्मांविषयी अभ्यास करणे यांत फरक केलेला आहे. तुकोबांचा अभंग मराठीच्या तासाला साहित्य म्हणून, त्यातील ढोंगावरच्या प्रहारासह शिकवायला कोणताही अडथळा नाही. माझा अनुभव तर असा की तो तसा शिकवला गेला तर मुले अस्वस्थ होतात आणि पाठांतर म्हणून आला तर झोपतात.

अनुच्छेद ५१ क मधील मूलभूत कर्तव्ये १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आली. त्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी विकसित करणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून नोंदवले आहे. नीतीचा आधार काय घ्यावा, हा समितीपुढे प्रश्न असेल तर तो येथे लिहून ठेवलेला आहे. जाता जाता एक गोष्ट सांगतो. परीक्षेतील गैरप्रकार रोखण्यासाठी आपल्या राज्यात १९८२ पासून स्वतंत्र कायदा आहे, तरीही मार्च महिन्यात काही केंद्रांच्या खिडक्यांखाली कोण उभे असते ते आपण सर्व जाणतो. ती मुले नसतात, मोठी माणसे असतात.

निवृत्त मुख्याध्यापक, कराड

या चर्चेत साताऱ्याचे नाव आले आहे म्हणून साताऱ्यातीलच दोन शिक्षणस्थानांची आठवण करून देतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर यांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, दाखल झाले. हा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या काळच्या शाळेविषयी बाबासाहेबांनीच पुढे लिहून ठेवले आहे की वर्गात इतरांमध्ये न बसता त्यांना वेगळे, गोणपाटावर बसावे लागे आणि शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी मिळत नसे. त्या वर्गातही नीतीचे धडे वाचले जात असतीलच. धडा काय होता ते कोणाच्या लक्षात राहिले नाही. बसण्याची जागा मात्र लक्षात राहिली.

त्याच गावात पाव शतकाच्या आत, १९२४ मध्ये, भाऊराव पाटलांनी सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. तेथे समतेवर व्याख्यान देण्याची गरज नव्हती, कारण सर्व जातींची मुले पाळीने एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवीत. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. रयत शिक्षण संस्थेची स्थापना १९१९ मध्ये आमच्या कराड तालुक्यातील काले येथे झाली, हे येथील वाचकांना ठाऊक असेलच. पण भाऊरावांच्या त्याआधीच्या आयुष्यातील एक प्रसंग सत्याच्या पाठाइतकाच मोलाचा आहे. १९१४ मध्ये कोल्हापुरात पुतळ्यांवर डांबर टाकल्याचे प्रकरण घडले, तेव्हा समाजसुधारक अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले, त्यांचा छळ झाला, पण त्यांनी ती साक्ष दिली नाही. अशा माणसाने काढलेल्या वसतिगृहात प्रामाणिकपणाची वेगळी तासिका ठेवावी लागली नाही, यात नवल नाही.

मी स्वतः साठच्या दशकात अशाच एका वसतिगृहात वाढलो. आमच्या कोठीची किल्ली दर महिन्याला वेगळ्या विद्यार्थ्याकडे असे आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी सर्वांसमोर हिशेब मोठ्याने वाचला जाई. एकदा दीड किलो गुळाची तूट आली. कोणी खाल्ला ते आम्हा सर्वांना माहीत होते, कोणी बोलले नाही आणि रेक्टरांनीही कोणाला खोदून विचारले नाही. वहीत 'तूट, कारण नोंद नाही' असे लिहिले गेले आणि पुढची नोंद वाचली गेली. ती नोंद खुद्द रेक्टरांची होती: त्या महिन्यात ते चार वेळा आमच्या भटारखान्यात जेवले होते आणि त्या चार जेवणांचे पैसे त्यांनी भरले होते. गुळाची गोष्ट आम्ही विसरलो असतो, पण त्या चार जेवणांमुळे ती मला साठ वर्षांनंतरही आठवते. नंतर मुख्याध्यापक झाल्यावर शाळेच्या चहाच्या वहीत माझे नाव मी कायम वेगळे लिहीत आलो, ते केवळ त्या रविवारमुळे.

खटावचे आहात म्हणून आणखी एक सांगतो. जोतीराव फुले यांचे मूळ गाव कटगुण तुमच्याच तालुक्यात आहे. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावे ते सांगितले आहे: मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची प्राथमिक माहिती आणि नीती व आरोग्य यांवरील थोडे धडे. नीतीचे थोडेच धडे मागणारा हा माणूस आयुष्यभर नीतीवरच लिहीत होता. हिशेबाच्या आणि शेतीच्या शेजारी नीतीला बसवण्यामागे त्यांची काही योजना असावी, असे मला वाटते.

निरीक्षण

मी अध्यापक विद्यालयात शिकवतो. कृष्णाकाठ ताईंचा गुणांचा मुद्दा व्यवहाराला धरून आहे, पण त्यात एक अडचण आहे. हार्टशॉर्न आणि मे या संशोधकांनी १९२० च्या दशकात अमेरिकेतील दहा हजारांहून अधिक मुलांची पाहणी केली. मुलांना फसवणूक करण्याची संधी मिळेल अशा निरनिराळ्या परिस्थिती त्यांनी योजल्या होत्या. त्यांना असे आढळले की एका ठिकाणी प्रामाणिक राहिलेले मूल दुसऱ्या ठिकाणी तसे राहीलच असे नाही आणि नीतिनियमांचे ज्ञान व प्रत्यक्ष वागणूक यांचा संबंध फारच क्षीण आहे. म्हणजे वीस गुणांची लेखी परीक्षा मुलाचे मराठी मोजेल, चारित्र्य मोजणार नाही. उलट त्या परीक्षेत एखाद्याने शेजाऱ्याचे पाहून 'प्रामाणिकपणाचे महत्त्व' या प्रश्नाला पूर्ण गुण मिळवले, तर तुम्ही काय करणार आहात?

मुलांच्या नैतिक विचारांचा अभ्यास करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कोल्बर्ग यांचे नाव आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याने परीक्षेपुरते पाठ केलेले असते. मरणाच्या दारातील पत्नीसाठी औषध चोरणाऱ्या पतीचा पेच मुलांपुढे ठेवावा आणि चोरी योग्य की अयोग्य यापेक्षा ती तसे का म्हणतात ते ऐकावे, एवढेच बहुतेकांना आठवते. पण नुसत्या पेचांच्या चर्चेवर पुढे कोल्बर्ग यांचेही समाधान राहिले नाही आणि १९७४ मध्ये अमेरिकेतील केंब्रिज येथे त्यांनी अशा शाळेला हातभार लावला, जिच्या सभेत शाळेचे नियम ठरताना शिक्षकाला एक मत आणि विद्यार्थ्यालाही एकच मत असे. त्यांच्या कामाचा हा भाग आमच्या प्रश्नपत्रिकेत कधी येत नाही, हेही बोलके आहे.

आपल्याकडे शिक्षणासाठी नेमलेल्या कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ या काळात या प्रश्नाचा विचार केला होता. आठवड्याला एक-दोन तासिका असाव्यात, प्राथमिक स्तरावर गोष्टी सांगाव्यात आणि माध्यमिक स्तरावर शिक्षक-विद्यार्थ्यांत वारंवार चर्चा व्हावी, अशी त्यांची शिफारस होती. तेव्हा तासिकेला माझा विरोध नाही. माझा विरोध गुणांना आहे. गुणांऐवजी नोंदी ठेवू म्हणाल तर त्यांचेही हसे आपण करून ठेवले आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० मध्ये आले, तेव्हा प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी ठेवायच्या होत्या. वर्षभरात तयार नोंदींच्या पुस्तिका दुकानांत आल्या आणि एका वर्गातील बेचाळीस मुले 'नेहमी खरे बोलतो' झाली. त्या नोंदी लिहिणाऱ्या माझ्याच माजी विद्यार्थ्यांना मी दोष देत नाही. एका रात्रीत बेचाळीस मुलांबद्दल खरे लिहिता येत नाही.

माणदेशी

मी आटपाडी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. आमच्याकडे स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानच्या काळात, १९३९ मध्ये, गांधीजींच्या विचारांचे पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. भिंतीआड कोंडण्याऐवजी शिक्षा झालेल्या माणसांना कुटुंबासह राहून शेती करू द्यायची, असा तो प्रयोग आहे. मी मुलांना तेथे घेऊन गेलो होतो. सहावीतील एकाने परतताना विचारले, "गुरुजी, यांच्यावर विश्वास ठेवतात, मग आमच्या खडूच्या कपाटाला कुलूप का?" प्रश्न रास्त होता. मी कुलूप काढले आणि त्याच उत्साहात वर्गाच्या कोपऱ्यात प्रामाणिकपणाचे दुकान मांडले. पेन्सिल, खोडरबर, वह्या, शेजारी पैशाचा डबा, विकणारा कोणी नाही.

अशा दुकानांची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांची पुढची हकिकत सहसा कोणी लिहीत नाही. तीन आठवड्यांत चौसष्ट रुपयांची तूट आली. मी वर्गात प्रामाणिकपणावर अर्धा तास बोललो आणि पुढच्या आठवड्यात तूट वाढली. शेवटी मी बोलणे थांबवून वह्या तपासल्या. पैसे न टाकता वही घेणारी दोन भावंडे होती. त्यांचे आईवडील ऊसतोडीला गेले होते, ती आजीजवळ राहत होती आणि घरात रोख रक्कम शनिवारी कोणीतरी आणून दिली तरच असे. त्या मुलांना प्रामाणिकपणा शिकवण्याचा मला काय अधिकार होता, हे मी आजही स्वतःला विचारतो. ज्याच्या खिशात पाच रुपये आहेत त्याचीच परीक्षा त्या दुकानात होत होती. ज्याच्याकडे नाहीत त्याच्यासाठी मी फक्त चोर होण्याची सोय करून ठेवली होती.

मग आम्ही उधारीची वही ठेवली. प्रत्येकाने स्वतः लिहायचे, जमेल तेव्हा भरायचे, वही सर्वांना पाहता येणार नाही, पण ज्याची त्याला पाहता येईल. हा शेवटचा नियम मुलांनीच वर्गसभेत केला. मी तर वही उघडी ठेवणार होतो. आता तूट येत नाही असे नाही, पण उधारी लिहिली जाते. पहिल्याच पानावर माझ्या नावावर बारा रुपये आहेत. लाल शाईचे दोन पेन मी घेतले आणि विसरलो. तिसरीतील एका मुलीने आठवण करून दिली.

म्हणून मास्तर, माझे म्हणणे एवढेच आहे की तुमच्या मसुद्यात पुस्तिकेचे नाव कोणतेही घाला, पण शाळेतील एक तरी खरा व्यवहार मुलांच्या हाती द्या आणि त्यात चुकण्याची त्यांना व तुम्हालाही मुभा ठेवा.

कृष्णाकाठ

गुरुजींची उधारीची वही वाचून मी माझ्या मुलाला ती हकिकत सांगितली. त्याने पहिला प्रश्न विचारला की त्या दोन भावंडांना वर्गात कोणी चोर म्हटले का. मला त्याचे उत्तर येथे मिळाले नाही, पण तो हे विचारेल असे मला वाटले नव्हते. गुणांचा आग्रह मी सोडते. तासिकेचा सोडत नाही, कारण गुण नसलेली तासिका गणिताचे सर घेणार नाहीत याची हमी अजून कोणी दिलेली नाही. मसुद्यात ती लेखी असावी.

माणदेशी

ताई, म्हटले होते. एकाने, एकदा. मी तेव्हा वर्गात होतो आणि त्याला रागावलो, पण ते माझ्या भाषणामुळेच त्याच्या तोंडी आले होते.

खटावचा मास्तर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. मसुदा काल रात्री पूर्ण झाला. लेखी परीक्षा आणि पुस्तिका दोन्ही वगळल्या आहेत. तासिका ठेवली आहे, ती शनिवारी दुसरी असेल आणि कोणत्याही कारणाने अन्य विषयाला दिली जाणार नाही, असे ताईंच्या सूचनेप्रमाणे स्पष्ट लिहिले आहे. त्या तासिकेत वर्गसभा होईल आणि तिच्यापुढे शाळेचेच प्रश्न येतील: पाण्याच्या टाकीवरची रांग, सहलीच्या वर्गणीचा हिशेब, गॅदरिंगमध्ये त्याच त्या मुलांना मिळणारी कामे. महिन्यातून एकदा पोषण आहाराची आणि सहलीची वही मुलांसमोर वाचावी, अशी सूचना कराडच्या सरांच्या रविवारवरून घेतली आहे. तिला विरोध होईल, हे मला ठाऊक आहे. वकील साहेबांच्या सांगण्यावरून अनुच्छेद २८ आणि ५१ क यांचा उल्लेखही केला आहे. तो वाचून समिती थोडी गंभीर होईल, अशी आशा आहे.

ती मुलगी आता दहावीत आहे. परवा मधल्या सुट्टीत मी तिला बोलावून सांगितले की दोन वर्षांपूर्वी तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर 'खोटे' असे होते आणि ते खोटे माझे होते, वर्गाचे नव्हते. तिला तो प्रसंग आठवत होता. ती म्हणाली, "सर, मग या वर्षीच्या तपासणीला काय सांगायचे?"

समितीची सभा येत्या शनिवारी आहे. पोती तपासणी झाल्यावर पुन्हा ग्रंथालयात आली ती अजून तेथेच आहेत. ती ठेवण्यासाठी दुसरी खोली मिळावी असा अर्ज मसुद्याला जोडला आहे आणि खोली मिळेपर्यंत वेळापत्रकातून ग्रंथालयाची तासिका काढून टाकावी, असे त्यात लिहिले आहे.